माशांच्या तोंडी टाच

कोजागरीला तुळजापूरपर्यंत चालत गेलेल्या टाचांना भेगा पडतात. त्यावर शहरी उतारा म्हणजे टाकीतल्या माशांकडून मेलेली कातडी कुरतडून घेण्याचा ‘फिश स्पा’. न्हाव्याने पातं बदललं नाही तर आपण हुज्जत घालतो, इथे मात्र आधीच्या गिऱ्हाइकाची टाच चाखलेले मासे पैसे मोजून पायाशी घेतो. वस्तरा उकळता येतो. मासा उकळला तर कालवण होतं. ब्रिटनमध्ये २०११ साली अशा स्पासाठी आयात झालेल्या गारा रुफा माशांत स्ट्रेप्टोकॉकसचे जंतू सापडले होते. धोका अगदी कमी, असं तिथल्याच आरोग्य यंत्रणेने म्हटलं, हे कबूल. पण मधुमेह किंवा पायाला जखम असलेल्यांनी लांब राहावं, हेही तिनेच बजावलं. आणि रक्ताळलेली भेग ही जखमच की! शिवाय उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणाऱ्या धाराशिव जिल्ह्यात टाकीचं पाणी दर गिऱ्हाइकामागे बदलणार कोण? त्यापेक्षा कोकमतेल बरं. ते दुसऱ्याची टाच चाखून आलेलं नसतं.