बिनपदवीचा इंजिनिअर : पात्रता, विधी आणि नूतनीकरण

पदवी न घेता केवळ ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या बळावर आयटीत शिरू पाहणाऱ्यास या विषयात ‘उमेदवार’ म्हणतात. उमेदवार तीन प्रकारचे असतात : बारावीनंतर थेट आलेला, बी.कॉम.वरून वळलेला, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला इयर डाऊन होऊन घरी ‘सध्या कोर्स चालू आहे’ असे सांगणारा. प्रस्तुत लेखकाचा भाचा तिसऱ्या प्रकारातला असल्याने त्याची उदाहरणे पुढे वारंवार येतील. त्याच्या आईने राग मानू नये.

महाराष्ट्रात प्रमाणपत्राची परंपरा जुनी आहे. टायपिंगच्या सरकारी परीक्षेने (मराठीला मिनिटाला ३० शब्द, इंग्रजीला ४०) कित्येक घरांना कारकुनी मिळवून दिली. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटीने तालुक्यातालुक्यात माउस पोहोचवला. ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून रेशनकार्डाशेजारी ठेवले जाई. २०१२ साली स्टॅनफर्डच्या दोन प्राध्यापकांनी कोर्सेरा काढली, त्याच वर्षी हार्वर्ड आणि एमआयटीने एडएक्स. तेव्हापासून लॅमिनेशनखाली परदेशी विद्यापीठांची नावे दिसू लागली.

प्रमाणपत्रे तीन जातींची असतात. पहिले पाहिल्याचे : व्हिडिओ शेवटपर्यंत सरकला की मिळते. उमेदवार दुप्पट वेगाने लावून जेवायला गेला तरी चालते. शिकवणारा घाईघाईने भिंतीला शिकवत राहतो. दुसरे सोडवल्याचे : प्रश्नमंजूषा असते, चुकल्यास पुन्हा देता येते, तरीही चुकल्यास पुन्हा. तिसरे परीक्षेचे : ओळखपत्र दाखवून, कोणाच्या तरी नजरेखाली बसून मिळवायचे, आणि ज्यात नापास होण्याचीही सोय आहे असे. मुलाखत घेणाऱ्याची नजर थांबते ती या तिसऱ्यावर. जमवली जाते मात्र पहिली जात, कारण ती सेलमध्ये साडेचारशे-पाचशे रुपयांना मिळते आणि सेलचा नेहमीच शेवटचा दिवस असतो. भाच्याकडे ही अकरा आहेत. त्यांतली दोन एकाच अभ्यासक्रमाची आहेत, कारण आपण तो आधी केला होता हे तो विसरला.

स्वस्तात तिसरी जात हवी असल्यास एनपीटीईएल पाहावे. हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा उपक्रम. शिकणे फुकट, परीक्षेचे शुल्क हजाराच्या आसपास. गृहपाठाला २५ टक्के वजन आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५.

नोंदणी आणि पूर्तता यांत गल्लत करू नये. हार्वर्ड-एमआयटीच्या अभ्यासक्रमांचा २०१९ साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा, की नाव घालणाऱ्या शंभरांतले साधारण तिघेच शेवटाला पोहोचतात. भाचा ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ हे सहा निरनिराळ्या शिक्षकांकडून शिकला आहे. लूपपर्यंत तो एकदाच गेला.

नावाबाबत दक्षता घ्यावी. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पॅनकार्डावर शेवटी, आणि आधारवर वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावर असेल त्याच नावाने करावी. फरक निघाल्यास परीक्षेला बसू देत नाहीत आणि शुल्कही जाते. कोर्सच्या साइटवर खाते काढताना गंमत म्हणून टाकलेले नावही प्रमाणपत्रावर जसेच्या तसे छापून येऊ शकते, याचा अनुभव एका कुटुंबाने घेतला आहे.

आता घरून द्यावयाची परीक्षा. उदाहरणादाखल अ‍ॅमेझॉनची क्लाउड प्रॅक्टिशनर घ्यावी : १०० डॉलर, ९० मिनिटे, ६५ प्रश्न. त्यांतले १५ गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते सांगत नाहीत. चुकीला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. अडचण वेगळीच आहे. खोलीत दुसरी व्यक्ती येता कामा नये, उमेदवाराने कॅमेऱ्याबाहेर जाऊ नये, पुटपुटू नये, आणि खोलीचे चारही बाजूंचे फोटो आधी पाठवावेत. हा नियम करणाऱ्याने दोन खोल्यांचे मराठी घर पाहिलेले नाही. त्या घरात कडी लावून बसलेल्या मुलाबद्दल पहिली दहा मिनिटे कौतुक, नंतरची दहा संशय आणि विसाव्या मिनिटाला दारावर थाप असा क्रम असतो. भिंतीवरचे कालनिर्णय पर्यवेक्षक उतरवायला लावू शकतो. त्यामागची पाककृती परीक्षेला निरुपयोगी आहे, हे त्याला पटवून देता येत नाही. भाच्याच्या पहिल्या प्रयत्नात एकोणिसाव्या प्रश्नाला आजी पोह्यांची बशी घेऊन आत आली. ‘खाऊन घे, मग लिही’ एवढेच ती म्हणाली. परीक्षा तिथेच संपली. शंभर डॉलरचे पोहे, असा उल्लेख त्या घरात अजून होतो. मोठ्या शहरांत परीक्षा केंद्रे असतात आणि शुल्क तेवढेच पडते. एसटीचे भाडे त्यापुढे किरकोळ. केंद्रावर जावे.

यानंतर प्रोजेक्ट. प्रत्येक उमेदवाराच्या गिटहबवर तीन गोष्टी आढळतात : कामांची यादी करणारे अ‍ॅप, हवामान सांगणारे अ‍ॅप आणि टायटॅनिकवरचा कोणता प्रवासी वाचला असता याचे भाकीत. कर्वेनगरच्या एकेका कॉट बेसिसच्या खोलीत टायटॅनिक चार-चारदा बुडाली असेल. हे प्रोजेक्ट खोटे नसतात, फक्त कोणाच्या उपयोगाचे नसतात. उपयोगी काम शोधायला लांब जावे लागत नाही. किराणा दुकानाची उधारीची वही, दूध डेअरीचे पंधरवड्याचे हिशेब, सोसायटीचे पाण्याचे टँकर, कुठेही काम पडलेले असते.

भाच्याने आईच्या भिशीचे हिशेब करून दिले, तेही तिने चिडून वही अंगावर टाकली म्हणून. बारा बायका, महिना हजार, कोणाची चिठ्ठी निघाली याची नोंद. तिसऱ्या महिन्यात घोटाळा झाला. नाव आणि आडनाव दोन्ही सारखे असलेल्या दोघी भिशीत होत्या. बायका त्यांना ‘वरच्या मजल्यावरची’ आणि ‘बँकेतली’ म्हणत. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती एकच बाई होती आणि तिला दोनदा पैसे मिळणार होते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून त्याने प्रत्येकीला वेगळा क्रमांक दिला. प्रायमरी की हा विषय त्याच्या तीन प्रमाणपत्रांत होता. तो त्याला त्या रात्री समजला, आणि अकरा बायकांसमोर आईने बोलून दाखवल्यामुळे कायमचा समजला. पोरगा हुशार आहे, आळशी आहे एवढेच.

अर्ज करताना मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर वेळ दवडू नये. तिथे पदवीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही आणि ‘६० टक्के थ्रूआउट’ ही अट माणसाच्या नजरेस पडण्याआधीच यंत्र लावते. वीस-पंचवीस माणसांच्या कंपन्या, ओळखीतून गेलेला बायोडेटा आणि चालू स्थितीतला प्रोजेक्ट हा मार्ग बरा. पहिले काम बहुधा सपोर्ट किंवा टेस्टिंगचे, अनेकदा रात्रपाळीचे मिळते. ते घ्यावे. ‘दोन वर्षांचा अनुभव लावून देतो’ म्हणणारे क्लासवाले भेटतात. त्यांच्याकडे जाऊ नये. पीएफच्या नोंदीत कोणत्या कंपनीने कधी पैसे भरले ते दिसते, आणि पडताळणीत नोकरी जाते ती रुजू झाल्यावर, घरी पेढे वाटून झाल्यावर.

भाच्याच्या मुलाखतीत प्रमाणपत्रांबद्दल एकही प्रश्न आला नाही. भिशीवर पाऊण तास बोलणे झाले. समोरच्या बाई स्वतः भिशीत होत्या.

नोकरी लागल्यावर पदवी घ्यावी, हे विचित्र वाटले तरी खरे आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांना पदव्या देत आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम २०२० साली सुरू झाला, त्याच्या परीक्षा मात्र केंद्रावर. अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाला पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. तीन वर्षांचा अनुभव कॉलेजच्या एका वर्षाबरोबर धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षे काम. वधूवर सूचक मंडळांनी असे कोणतेही कोष्टक ठरवलेले नाही.

शेवटी नूतनीकरण. वर सांगितलेले अ‍ॅमेझॉनचे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते, सिस्कोचे सीसीएनएदेखील तीनच वर्षे. मुदत संपण्याआधी पुन्हा परीक्षा द्यावी, केंद्रावर जाऊन. नवे प्रमाणपत्र पीडीएफ स्वरूपात येते. आईला भिंतीवर लावायला हवे असल्यास ए-फोर कागदावर आडवे, रंगीत छापावे. लॅमिनेट करू नये. तीन वर्षांनी पुन्हा तोच खर्च पडतो.