जाळीकाका

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत चेअरमन व्हायला कुणी तयार नसतं, सेक्रेटरी मिटिंगला न आल्याची शिक्षा म्हणून निवडला जातो आणि खजिनदार शोधावा लागतो. एक पद मात्र कायम बिनविरोध भरलेलं असतं. बेसमेंटमध्ये उतरणाऱ्या रॅम्पच्या तोंडाशी जी आडवी लोखंडी जाळी असते, तिच्या पालकाचं. त्यांना आपण जाळीकाका म्हणू.

बँकेतून निवृत्त झालेले काका मेंटेनन्सचे हिशेब तपासतात, शाळेतून निवृत्त झालेले नोटीस बोर्डावरचं शुद्धलेखन. जाळीकाका बहुतेक करून पाटबंधारे खात्यातले असतात आणि त्यांना पाणी लागतं. धरणातून पाणी जिथे आत घेतात, तिथे ओंडके, झुडपं अडवायला तिरके गज बसवतात, त्याला ट्रॅश रॅक म्हणतात. काका आपल्या वीतभर रुंद जाळीलाही ट्रॅश रॅकच म्हणतात. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचाही निरोप पडतो : ‘रॅम्पच्या जाळीतून विसर्ग सुरळीत. वाहनधारकांनी सतर्क राहावे.’ कुणी हसलाच, तर हिशेब हजर असतो. २०० चौरस मीटर फरशी, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, म्हणजे तासाला १०,००० लिटर पाणी. ‘क्युसेकमध्ये एक दशांशच आहे हो, पण जायचंय कुठे? तुमच्या गाडीखाली!’ पूर्वी लोक हे ऐकून सटकायचे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, आणि काकांना हसणारे निम्मे झाले.

मे महिन्यात वळिवाचं पहिलं वारं सुटलं की काका सकाळी सहालाच खाली दिसतात. हाफ पँट, वर बँकेनं फुकट दिलेली टोपी, हातात झिजून बुटका झालेला खराटा. खुरपं खिशात, आणि जाळी उचलायची पहार भिंतीला टेकवलेली. (ही पहार सोसायटीची की काकांची, हा वाद गेल्या तीन कमिट्यांना मिटवता आलेला नाही.)

झाडांकडे ते वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नव्हे, फौजदाराच्या नजरेनं बघतात. प्रत्येकाची गुन्ह्याची पद्धत त्यांना पाठ आहे. बदाम हा उघड दरोडेखोर. त्याचं पान ओलं झालं की पत्रावळीसारखं जाळीवर सपाट बसतं. अशी दहा-बारा पानं ओळीनं बसली की पाणी वरच्या वर निघून जातं. खोटा अशोक पाकीटमार, लांबट पान फटीतून अलगद आत सरकतं. पण काकांचा खरा वैरी गुलमोहर. त्याची पानं इतकी बारीक की जाळीला पत्ता लागत नाही. ती आत जातात, मातीत कालवली जातात, पुढे पाइपाच्या वळणावर थर धरतात आणि जुलैच्या एखाद्या रात्री एकदम बूच मारतात. सोनमोहराच्या पिवळ्या सड्याचे फोटो ग्रुपवर कुणी टाकले, की खाली काकांचं एवढंच : ‘सदर सडा जाळीच्या दिशेने सरकत आहे.’

दर वर्षी बी विंगमधला एखादा तरुण या प्रश्नावर ‘कायमचा उपाय’ घेऊन येतो. यंदा ऑनलाइन मागवलेली स्टीलची बारीक जाळी होती. मूळ जाळीखाली ती अंथरली, पान आत जायची सोयच नाही! काका काही बोलले नाहीत. पहिल्या सरीला ते फक्त छत्री घेऊन शेजारी उभे राहिले, आणि काकांचं गप्प उभं राहणं फार महाग पडतं. दहाव्या मिनिटाला बारीक जाळीवर पाल्याचं जाजम तयार झालं, अकराव्या मिनिटाला धार बेसमेंटमध्ये. मग व्याख्यान झालं. भोकं जितकी बारीक, तितकी ती लवकर लिंपतात. पान जाळीवर अडवायचंच नाही, जाळीच्या हातभर अलीकडे अडवायचं. त्यासाठी काकांनी दोन विटांवर मोठ्या भोकांचा पत्रा तिरका टेकवलाय. पाला त्यावर चढून बसतो, पाणी खालून जातं आणि खराट्याच्या दोन फटकाऱ्यांत पत्रा साफ होतो. दिसायला हे बांधकाम अत्यंत गचाळ आहे. चालतं मात्र चोख, हे मी तरी लेखी द्यायला तयार आहे.

काका खराटा मारतात, पण पाला भरत नाहीत; ते काम झाडणाऱ्या मावशींचं. ‘मावशी, तो पाला रस्त्यावर लोटू नका, आपलाच परत येतो,’ असं ते रोज सांगतात, आणि मावशी रोज ‘बरं काका’ म्हणून घमेलं उचलतात. काका दिसेनासे झाले की पाला रस्त्यावर.

वार्षिक सभेत एकदा ठराव आला : बदामच तोडून टाकू. सगळ्यांना वाटलं, काका पहिला हात वर करतील. काका उभे राहिले ते फाइल घेऊन. वृक्ष संरक्षणाचा १९७५ चा कायदा, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, विनापरवाना तोडलं तर दंड, सगळं त्यांनी घसा खरवडून वाचलं. शेवटी फाइल मिटून म्हणाले, ‘झाड त्याचं काम करतंय. तुम्ही तुमचं करा.’ ठराव बारगळला. बदाम गेला असता तर काका सकाळी सहाला कुठे गेले असते, हा प्रश्न काकूंनाही पडला असणार. त्यांनीही ठरावाविरुद्धच हात वर केला होता.

यंदा ऐन ऑगस्टमध्ये मुलानं काकांना महिनाभर बेंगळुरूला नेलं. जाण्याआधी वॉचमनला रीतसर चार्ज दिला गेला : खराटा एक, खुरपं एक, पहार एक (वादग्रस्त), विटा दोन. आता रोज सकाळी सहाला वॉचमनच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल येतो, आणि झोपलेल्या ए विंगला काकांचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

‘अरे, तुझं तोंड काय दाखवतोस? खाली धर. खाली! डावीकडचं ते पान उचल आधी.’