एकशेचार उठत नाही

सकाळी सव्वाआठची वेळ. लिफ्टमध्ये मी, दूधवाला, गुडघ्यांमुळे एका मजल्यालाही लिफ्ट घेणाऱ्या १०४ नंबरच्या आजी आणि कानाला फोन लावलेले सर्व्हरकाका. काका फोनवर म्हणाले, "एकशेचार रात्रीपासून लटकलाय? मग वाट कसली बघताय? मारून टाका आणि पुन्हा उठवा. नाहीच उठला तर तिकडे हलवू."

आजोबांना दोन दिवस ताप होता. आजी काही न बोलता पहिल्या मजल्यावर उतरल्या. संध्याकाळी त्यांचा मुलगा चौकशीला आला. काकांना पाऊण तास समजावून सांगावं लागलं की एकशेचार हे कंपनीतल्या व्हर्च्युअल मशीनचं नाव आहे, ती मशीनं सांभाळणाऱ्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये नंबर शंभरापासून सुरू होतात, आणि आपली सोसायटीही तशीच सुरू होते हा निव्वळ योगायोग.

असा एक माणूस बाणेर-हिंजवडीच्या प्रत्येक कंपनीत सापडतो. मे महिन्यात स्वेटर घालून कामाला निघालेला पुणेकर दिसला की ओळखावं, हा सर्व्हर रूमचा. त्याचं काम नीट चाललं असेल तर तो काय करतो हे कोणालाच कळत नाही. पगारवाढीच्या वेळी हीच अडचण होते.

काका मात्र समजावून सांगायला कधीही तयार. एका लोखंडी सर्व्हरच्या पोटात वीस-पंचवीस खोटी मशीनं, म्हणजे वाड्यात बिऱ्हाडं. भिंत पडायच्या आत बिऱ्हाड शेजारच्या वाड्यात हलवायचं, याला ते लाईव्ह मायग्रेशन म्हणतात. "भाडेकरू जेवत असताना त्याला पाटासकट उचलायचं. आमटीचा थेंब सांडता कामा नये." आधी मेमरी नेतात, तेवढ्यात जे बदललं ते पुन्हा नेतात, आणि शेवटी डोळ्याचं पातं लवेपर्यंत थांबवून पलीकडे सुरू करतात. भिंत न सांगता पडली तर मात्र हे जमत नाही. मग बिऱ्हाड दुसऱ्या वाड्यात नव्याने मांडावं लागतं. दोनेक मिनिटं जातात आणि तोंडातला घास तोंडातच राहतो. म्हणून दोन्ही वाडे निम्मे रिकामे ठेवायचे. एवढी रिकामी जागा विकत कशाला घेतली, असं साहेब दरवर्षी विचारतात.

ही बिऱ्हाडं आधी व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरवर होती. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली, कायमचे परवाने बंद होऊन वर्गणी आली. काकांना गणपतीखेरीज कोणाला वर्गणी द्यायची सवय नाही. त्यांनी सगळी बिऱ्हाडं व्हिएन्नात तयार होणाऱ्या, फुकट वापरता येणाऱ्या प्रॉक्समॉक्सवर आणली. दोन शनिवार आणि एक मेहुणीचं डोहाळजेवण त्यात गेलं.

त्यांची खरी भीती दोन या आकड्याची. दोन सर्व्हरमधली तार तुटली की प्रत्येकाला वाटतं दुसरा मेला, आणि दोघंही एकाच इस्टेटीवर लिहायला बसतात. "स्प्लिट ब्रेन," काका म्हणतात, "म्हणजे आमचे दोन चुलते." म्हणून कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप ठेवलाय. तो काम काही करत नाही, फक्त मत देतो. (असे सभासद आमच्या सोसायटीतही बरेच आहेत.) तीनपैकी दोन मतं ज्याच्याकडे, तो चालू. ज्याच्यामागे बहुमत उरलं नाही, तो साधारण मिनिटभर वाट बघून स्वतःच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होतो. काका हे सांगताना क्षणभर थांबतात. एवढी सज्जनता त्यांनी माणसांत पाहिलेली नाही.

घरीही हाच कारभार. दोन इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचं इंटरनेट. महावितरणची दुरुस्ती गुरुवारी निघाली की काका उत्सुकतेने घड्याळ लावून बसतात. काकूंनी एकदा विचारलं, "तुम्ही आजारी पडलात तर तिकडे कोण बघतं?" काका म्हणाले, "मी पडत नाही." गेल्या नऊ वर्षांत ते महाबळेश्वरला एकदाच गेले, तेही लॅपटॉप घेऊन.

परवा सोसायटीची वार्षिक सभा होती. गणपूर्ती नाही म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच सतरंजीवर, त्याच नऊ जणांत, रीतसर सुरू झाली. उपविधीत तशी सोय आहे. काकांना दरवर्षी हे सहन होत नाही. "बहुमत नसताना निर्णय? माझ्या सर्व्हरने असं केलं असतं तर डेटा गेला असता!" चिटणीस म्हणाले, "इथे फक्त टाकीचा रंग ठरवायचाय."

तेवढ्यात काकांचा फोन थरथरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, मनाशी काहीतरी मोजलं आणि बटाटेवडा पुन्हा हातात घेतला.

"एक गेला," ते शांतपणे म्हणाले. "दोन मतं आहेत. चालेल."

सतरंजीच्या दुसऱ्या टोकावरून १०४ च्या आजींनी विचारलं, "कितवा नंबर?"