स्वस्तातली रायफल

पेन्सिल्वेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या रायफल-शिकारीचा हंगाम उघडतो. 2018 पर्यंत तो सोमवारी उघडायचा आणि गावोगावच्या शाळा त्यासाठी चक्क बंद राहायच्या! आमच्या शेजाऱ्याने यंदा काटकसर म्हणून सगळ्यात स्वस्त रायफल आणली. प्लास्टिकचा दस्ता, बोल्ट ओढला की वाड्याच्या जुन्या कडीसारखी कुरकुर. पण नेम चोख, हे मान्य. मग तिच्यावर तिच्याहून महाग दुर्बीण चढली. काडतूस .308 की 6.5 क्रीडमूर, यावर तर खरेदीआधीच दोन महिने खल झाला होता. हरणाचं मत कोणी विचारलं नाही.

पाठोपाठ बूट, मचाण, आणि मटण साठवायला डीप फ्रीझर. शिवाय अंगावर किमान 250 चौरस इंच भडक नारिंगी कापड, कायदाच तसा. हा रंग हरणाला नीट दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. म्हणजे भीती नेमकी कुणाची, ते सरकारला पक्कं ठाऊक आहे.

पहिल्याच पहाटे समोर हरीण आलं. तेव्हा गडी थर्मासचं झाकण फिरवत होता.

फ्रीझरमध्ये सध्या बायकोने मटार भरलेत.