पयलो नंबर कोणाचो?

"काय गो बाय, काल रातीक तुमच्या पडवेत कसलो बोबाटो चललेलो? चोर गावलो काय?" गडग्यापलीकडून काकींनी विचारलंच.

चोर कसला, म्हटलं, फुटबॉल. आमचा झील आणि त्याचे सात दोस्त मोबाइलवर इंग्लंडच्या लीगचा खेळ खेळतात. पैशांचा संबंध नाही. 2025 च्या ऑगस्टात केंद्राने कायदा केला आणि ड्रीम इलेव्हनलासुद्धा पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या. इथे पैज एवढीच, की शेवटी राहील त्याने सगळ्यांना बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी घालायची. प्रत्येकाने पंधरा खेळाडू निवडायचे: दोन गोलकीपर, पाच बचावाला, पाच मधल्या फळीत, तीन पुढे. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. आता 2022-23 च्या मोसमात 36 गोल करून लीगचा विक्रम करणारा हालंड सगळ्यांनाच हवा. मग आधी कोणी उचलायचं?

"चिठये टाका नि मोकळे व्हा!"

टाकल्या ना. एकानेच लिहिल्या, त्यानेच घड्या घातल्या, त्याच्याच टोपीत ठेवल्या आणि पहिला नंबर आला त्याच्याच चुलतभावाला. बोबाटा त्याचाच.

काकी हसल्या. "आमचे झील मळ्यात क्रिकेट खेळत तेवा काय करीत, म्हायत आसा?" असं म्हणत त्यांनी खराट्याच्या काडीने अंगणातल्या मातीत आठ रेघा ओढल्या. रेघांच्या एका टोकाला उलटसुलट नंबर लिहिले आणि त्यांवर सूप पालथं घातलं. मळ्यात सुपाऐवजी बॅट असायची. बाकीच्यांनी पाठ फिरवायची, मग एकेकाने येऊन मोकळ्या टोकावर बोट ठेवायचं. "नि नंबर लिवणाऱ्याक शेवटाक रवतली ती रेघ. मगे लबाडी करतलो कसो?"

मला हे एकदम पटलं. पण आठव्या नंबरवाल्याचं काय? हालंड गेला, त्याच्यामागचे सहा चांगलेही गेले.

त्यावर तोडगा आहे. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसरीत उलट, आठ ते एक. म्हणजे आठव्याला आठवा आणि लगेच नववा खेळाडू मिळतो. पहिल्याला पहिला, पण नंतरचा थेट सोळावा. काकींनी बोटांवर मोजलं. "आठ नि नव सतरा, एक नि सोळा सतरा. बरोबर जमता गो!"

एवढ्यात आमचे हे चहाचा कप घेऊन पायरीवर आले. यांना आयपीएल आठवल्याशिवाय चहा उतरत नाही. डिसेंबर 2015 मध्ये पुणे आणि राजकोट हे दोन नवे संघ आले, तेव्हा असाच सवाल होता. त्या वेळी लिलाव उलटा झाला होता: क्रिकेट मंडळाकडून वाटा घेण्याऐवजी मंडळालाच वर्षाला पैसे द्यायची बोली. पुण्याची 16 कोटींची, राजकोटची 10 कोटींची. म्हणून पहिली निवड पुण्याची. त्यांनी धोनी उचलला, राजकोटने रैना, मग पुण्याने आपला अजिंक्य रहाणे.

"मगे तसाच करा," काकींचे डोळे चमकले. "जो माजे जास्त नारळ सोलून देतलो, तेका पयलो नंबर!" काकींच्या माडांचे नारळ पाडून पडलेत, सोलायला गडी मिळत नाही. गावभर न्याय वाटताना आपलं परडंही साफ करून घेणारी बाई ही!

पोरांची टूम वेगळीच होती. लीग सुरू होते ऑगस्टात, नारळी पुनव त्याच सुमाराला, आणि मालवणात तेव्हा नारळ लढवतात. आठ जणांनी नारळावर नारळ हाणायचे, ज्याचा शेवटपर्यंत टिकेल त्याचा पहिला नंबर. काकी लगेच म्हणाल्या, "घराकडसून कठीण नारळ घेवन येवक देव नकात. एकाच राशीतले, डोळे मिटून उचलूचे." फुटलेल्यांचं खोबरं अर्थातच काकींकडे.

एकाने तर देवाचा कौल लावूया म्हटलं होतं. हे ऐकून काकींचा आवाज चढला. "आचऱ्याचो रामेश्वर गावपळणीचो कौल देता, आंगणेवाडीची जत्रा कौलान ठरता. तेका ह्यो हालंड कोणाचो म्हणान इचारतलात? लाज नाय?"

तो विषय तिथेच मिटला. काकींचा निकाल असा: रीत कुठलीही घ्या, पण ती नंबर पडायच्या आधी ठरवा. आठही जण समोर हवेत. लिहिणाऱ्याने शेवटी उचलायचं. फेरी दर वेळी उलटायची. आणि एकदा नंबर पडला की बदलून मागायचा नाही, मग तो सरपंचाचा झील का असेना!