भाऊला सल्ले देणाऱ्यांसाठी

अहो वहिनी, काल रात्री तुमच्याकडे टीव्हीवर पानिपत लागलं होतं ना? आमच्या स्वयंपाकघरापर्यंत तोफा ऐकू येत होत्या. आणि मधूनच भावजींचा आवाज, "भाऊनं हत्ती सोडायलाच नको होता!" अडीचशे वर्षं उलटून गेली, तरी आपल्याकडे घराघरात एक जण मराठ्यांच्या सेनापतीला, सदाशिवराव भाऊला, सल्ला द्यायला बसलेलाच असतो.

भावजींना म्हणावं, शेजवलकर वाचा. कोण शेजवलकर? अहो, त्र्यंबक शंकर शेजवलकर. कनकादित्याची कशेळी आहे ना राजापूरकडची, तिथले. जन्म 1895 चा. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचं काम करायचे. लिहिणं एकदम फटकळ. मोठं नाव दिसलं की आपण आधी नमस्कार करतो, हे आधी पुरावा मागणार! त्यांनी 1946 साली पानिपतावर पुस्तक काढलं, तेही इंग्रजीतून. मराठीत मागाहून आलं. आमच्या ह्यांच्या कपाटात आहे. मी वाचायला घेतलं ते दुपारची झोप यावी म्हणून, आणि चार वाजले तरी चहा टाकला नव्हता. हे दोनदा डोकावून गेले.

नाही हो, नुसती तलवारबाजी नाही त्यात. चौदा जानेवारी 1761, संक्रांतीचा सुमार, एवढं आपल्याला पाठ असतं. त्या एका दिवसाच्या आधी अडीच महिने काय चाललं होतं ते कुणी सांगत नाही. अफगाणांचा बादशहा अब्दाली यमुना उतरून पलीकडून अलीकडे आला आणि दिल्लीच्या वाटेवरच बसला. म्हणजे आपली फौज वर पानिपतात, आणि रसदीची वाट तोडलेली. बरं, फौज म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. बायका, बुणगे, बाजार, यात्रेला म्हणून निघालेले लोक, सगळा लवाजमा. तिकडे आपले गोविंदपंत बुंदेले अब्दालीचं धान्य मारायला फिरत होते, ते डिसेंबरात कापले गेले. झालं! माणसाला दाणा नाही, घोड्याला वैरण नाही, वर उत्तरेतली थंडी. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडले. आता सांगा, हत्तीवर बसला काय न् घोड्यावर बसला काय. शेजवलकरांच्या हिशेबानं लढताना आणि नंतरच्या कत्तलीत मिळून लाखाच्या खाली माणूस गेलं नाही.

आणि खरी गंमत, गंमत कसली म्हणा, पुढे आहे. इतकी वर्षं सगळं खापर भाऊच्या डोक्यावर. हट्टी होता, गर्विष्ठ होता, कुणाचं ऐकलं नाही. शेजवलकरांनी बोट दाखवलं ते थेट नानासाहेब पेशव्यांकडे! तेही स्वतः पुण्यात राहून! आणि का दाखवू नये? थांबा, दूध बघून येते.

हं, तर काय सांगत होते... नानासाहेब. पोटचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव तिकडे अडकलेले, आणि इकडे पेशवे डिसेंबर 1760 मध्ये पैठणला बोहल्यावर! चाळिशीचा नवरदेव, आणि मुलगी एवढीशी. हो, खरंच. अहो, चाळीत कुणी असं केलं असतं तर आपण वर्षभर तोंडात ठेवलं असतं. मग निघाले मदतीला. भेलशापर्यंत पोचतायत तोवर सावकाराच्या पत्रातून पानिपतची बातमी आली. परत आल्यावर मात्र पार खचले. जूनमध्ये पर्वतीवर प्राणच सोडला.

माझं विचाराल तर शेजवलकर नानासाहेबांच्या बाबतीत जरा जास्तच कडक झालेत. पैसा नव्हता, कर्ज डोक्यावर, दख्खनेत निजाम टपलेला. त्या माणसाच्या मागेही व्याप होतेच. पण एक मानायला हवं. हरलेल्या लढाईवर रडणारे पुष्कळ, हरलेल्या सेनापतीची बाजू कागद घेऊन मांडायला छाती लागते.

निजामावरनं आठवलं. त्यावरही त्यांचं पुस्तक आहे, 'निजाम-पेशवे संबंध', 1959 चं. ते वाचल्याशिवाय पानिपत अर्धंच कळतं, असं मला वाटतं. कारण बघा, हाच भाऊ फेब्रुवारी 1760 मध्ये उदगीरला निजामाला लोळवून आलेला. तोफखाना घेऊन बरोबर असलेला इब्राहिमखान गारदीसुद्धा मुळात निजामाकडचा. दख्खनेत जे जमलं तेच उत्तरेत जमेल, असं कुणालाही वाटलं असतं. इथे किल्ला जवळ, रसद जवळ, मुलूख ओळखीचा. तिथे काय होतं? विजयाची सवय घेऊन गेले आणि तिथे ती नडली.

शेजवलकरांना साहित्य अकादमी? मिळाली ना, मिळाली की! पण कशाला ऐका. पानिपताला नाही. त्यांच्या मनात शिवाजी महाराजांचं मोठं चरित्र लिहायचं होतं. आयुष्यभर साधनं गोळा केली. हाताशी काय तयार झालं? प्रस्तावना, आराखडा आणि साधनांचा ढीग. 1963 च्या नोव्हेंबरात शेजवलकर गेले. मग जे होतं तेच 'श्री शिवछत्रपती' म्हणून छापलं आणि 1966 चा पुरस्कार त्याला दिला. घर बांधायचं राहिलं, जोत्यालाच बक्षीस!

हसू नका, मी ते चाळलंय. कुठला कागद विश्वासाचा, कुठला मागाहून रचलेला, याची जी चाळणी लावलीय ना, ती बघून वाटतं, बरोबर आहे, या माणसाचं चरित्र कसं पुरं होणार? एक ओळ लिहायची तर आधी दहा कागद उलटेपालटे करायचे. दुसऱ्या कुणी एव्हाना चार खंड काढून सत्कारही घेतले असते.

विश्वास पाटलांची कादंबरी? ती तर मीही वाचलीय, 1988 ला आली तेव्हा अख्ख्या गल्लीत फिरली होती. रडवते. पण भावजींना रडायचं नाहीये, त्यांना वाद घालायचाय. त्यांना शेजवलकरच बरे. संध्याकाळी पाठवा त्यांना, देते पुस्तक. फक्त समासात पेन्सिलीनं काही लिहू नका म्हणावं. आमच्या ह्यांनी आधीच भाऊला बरेच सल्ले लिहून ठेवलेत, जागा नाही.