होडी सुटल्यावर

मे सरत आला की मालवणात समुद्र बंद होतो आणि तात्या सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, खलाशी जाळी दुरुस्त करत बसलेले, म्हणजे श्रोते आयतेच. त्यात दहावी-बारावीचे निकाल. कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे तात्यांना गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. चार पोरं नापास झाली असती तर निदान तेवढी घरं तरी सुटली असती.

तात्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. वायरीत एक तात्या आहेत, देवबागेत एक आहेत, मेढ्यात तर दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. आमचे तात्या धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर बसतात. कुणी पेढे घेऊन आलं की आधी पेढा तोंडात टाकतात, मग चष्मा कपाळावर चढवतात.

"मार्क किती गावले रे झिला?"

"चौऱ्याऐंशी, तात्यानू."

"मगे फुडे काय करतलस?"

हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. देवळात गाऱ्हाणं घालणारा बोलतो, बाकीच्यांनी नुसतं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. इथेही तसंच. पोराने तोंड उघडायच्या आत तात्या त्याला मुंबईला पोचवून, नोकरीला लावून, डोंबिवलीत वन रूम किचन घेऊन देतात. चहा पोराच्या बापाच्या खात्यावर.

सल्ला चुकीचा असतो असं मी म्हणणार नाही. तो अगदी बरोबर असतो, फक्त पाच वर्षं उशिरा येतो. तात्या धक्क्यावर पोचतात तेव्हा होडी सुटलेली असते, आणि ते लांबून ‘चढ चढ’ म्हणून ओरडत असतात. हा वारसा त्यांच्या मामाचा. १९८१ साली, म्हणजे रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला त्याच वर्षी, मामाने तात्यांना परळच्या गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवलं. "गिरणी म्हणजे जन्माची भाकरी," असं मामा म्हणाला होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तात्या गावी आले ते सल्लागार होऊनच.

पुढचा इतिहास घराघरात आहे. माझ्या चुलत बहिणीला त्यांनी २०१० मध्ये डीएडला घातलं. "मास्तरणीक मरण नाय," हे त्यांचं तेव्हाचं वाक्य. नंतर शिक्षकभरती रखडली ती रखडलीच, २०१३ मध्ये टीईटी आली, बहीण तीही पास झाली. ती आजही पात्र आहे. नुसती पात्र. मला त्यांनी इंजिनियर व्हायला सांगितलं, तेव्हा कुडाळपासून कणकवलीपर्यंत दर तिसऱ्या दुकानाच्या काउंटरवर एकेक इंजिनियर बसलेला होता. मी ऐकलं नाही म्हणून दोन वर्षं ते माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या आयुष्यातली ती दोन सुखाची वर्षं.

२०१६ मध्ये सरकारने दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी आणली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा, असे सात कल. पोराला काय आवडतं हे पोरालाच विचारायचं, ही कल्पनाच तात्यांना अब्रह्मण्यम वाटली. शेजारचा पोरगा तो कागद दाखवायला आला तर म्हणाले, "कल होडीक येता रे. माणसान सरळ रवाक व्हया." जाळ्यावरची मंडळी हसली. मीही हसलो, आणि ती चूक होती, कारण त्या कागदावर ललित कला होतं आणि पोरगा दशावतारात उत्तम काम करायचा. आता तो लॉजिस्टिकमध्ये आहे. म्हणजे नक्की कुठे, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

तात्या गप्प झालेले मी एकदाच पाहिलेत. मासळी विकणाऱ्या एका बाईची मुलगी बारावी होऊन आली. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तेही १९८१ चंच. तिला तिथे जायचं होतं.

"माशे कळूक रत्नागिरीक कित्याक जावक व्हया गो चेडवा? आवशीक इचार."

"तात्यानू, आये मासो इकता. माका तो वाढवूचो आसा."

जाळी शिवणारे हात थांबले. मागून कुणीतरी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, पण ते तात्यांना नव्हतं. तात्यांनी आणखी एक चहा सांगितला आणि, काय सांगू, त्याचे पैसे स्वतः दिले.

तरी तात्यांना कुणी उठवू नये असं माझं मत आहे. आमच्या पोरांनी त्यांचा उपयोग शोधलाय. समुद्रात जाण्याआधी वारा बघतात, तसे ते कॉलेजचा फॉर्म भरण्याआधी तात्यांना बघून येतात. तात्या ज्याचं नाव घेतील ते सोडून काहीही भरायचं. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र निघालं तेव्हा तात्या म्हणत होते, "पाण्यात बुडूक सर्टिफिकेट कित्याक?" तेव्हा जी पोरं गेली ती कमावती झाली. तात्या स्वतः ‘स्कूबा कर’ म्हणू लागले तोवर किनाऱ्यावर पाटी लावायला माड उरला नव्हता.

यंदा तात्या ‘एआय कर’ म्हणतायत. धक्क्यावरची पोरं काळजीत आहेत.